कोयत्याचा आवाज

(अंधार. ऊसतोड कामगारांच्या कोपीसमोर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीसमोर, चूल पेटलेली.)

पहाटेचे चार. भाकऱ्या थापणं चाललंय. उजेड आहे तो चुलीचाच. इथं दिवा लावला की पोरं जागी होतात, बाई पदर सावरत बसते आणि जे टिपायला आलो तेच हातचं जातं. म्हणून एफ 1.8 ची, कमी उजेडातही चालणारी लेन्स लावायची. चित्रात थोडे दाणे, म्हणजे अंधारामुळं येणारा खरखरीतपणा, आले तरी चालतात. थंडीतून कॅमेरा उबेला आणला की काचेवर बाष्प धरतं, ते पुसत बसू नये. पंधरा-वीस मिनिटं तो पिशवीतच राहू द्यावा.

(फड, म्हणजे तोडणीचं उसाचं रान. पाचटाची, वाळल्या पानांची सळसळ.)

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर, आणि ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. या माणसांवर माहितीपट करायचा तर एक हंगाम पुरत नाही. पहिला ओळख होण्यातच जातो, आणि तो तसाच जाऊ द्यावा.

परवानगी मुकादमाकडून घेऊन भागत नाही. उचल घेतलेला माणूस त्याच्यासमोर नाही म्हणूच शकत नाही. प्रत्येक कोयत्याला वेगळं विचारायचं, नवऱ्याला आणि बायकोलाही, आणि तेही मुकादम जवळ नसताना. उचलीचा आकडा आणि चेहरा एका चौकटीत दाखवायचा नाही. पुढच्या हंगामाला त्याच माणसाला त्याच मुकादमाच्या दारात उभं राहायचं असतं.

(कोयत्याचा घाव. मोळी बांधली जाते.)

फडात खरी कसोटी आवाजाची. बायका साडीवर शर्ट घालतात. कॉलर माइक त्या शर्टाला लावला की पाचट घासून नुसती खरखर येते. माइक शर्टाच्या आत, छातीच्या मधोमध चिकटपट्टीनं बसवायचा आणि वायरीला एक सैल वळसा ठेवायचा, म्हणजे वाकताना ताण येत नाही. बोलणं उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवलं तरी कोयत्याच्या घावाला आवाज फाटतो. त्यासाठी त्याच आवाजाचा दुसरा ट्रॅक 10 डेसिबल खाली धरायचा. काम थांबलं की एक मिनिट फडाचा नुसता आवाज घ्यायचा. संकलनाला बसल्यावर दोन वाक्यांमधली फट यानंच बुजते. घाईत हेच राहून जातं.

फडात लेन्स बदलू नये. पाचट पेटवलेलं असेल तर काजळी थेट सेन्सरवर बसते.

(रात्र. कारखान्याचं आवार, वजनकाट्यापुढं उसाच्या गाड्यांची रांग.)

इथले दिवे 50 हर्ट्झच्या विजेवर चालतात. 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवलं नाही तर चित्रात पट्टे सरकू शकतात. सेकंदाला 100 मेगाबिटनं चित्रण केलं की तासाचे 45 जीबी होतात. कोपीत वीज असेलच असं नाही, म्हणून जीपच्या इन्व्हर्टरवर बॅटऱ्या लावून त्याच रात्री दोन डिस्कवर प्रती काढायच्या. दोन्ही तपासल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

(उन्हाळा. गाव.)

निवांत मुलाखती फडात होत नाहीत. माणसं गावी परतली, हिशोब झाला, की बोलायला सवड मिळते. आई-बाप फडावर असताना गावी हंगामी वसतिगृहात राहिलेली पोरंही तेव्हा घरी असतात. "तसलं काय नस्तंय" हे वाक्य उपशीर्षकात प्रमाण मराठी करून धुऊन टाकू नये.

शेवटचा कट बंद करण्याआधी तो गावात दाखवायचा, संध्याकाळी, बायकांची कामं आटोपल्यावर. एखादी म्हणाली, हे नको, तर तो प्रसंग काढायचा, कितीही चांगला उतरलेला असो. त्या जागी तिचा नुसता आवाज ठेवायचा विचार असेल, तर तेही तिलाच विचारायचं. गाव आवाजावरूनही माणूस ओळखतं.