करीमनगरची अत्तरदाणी

हा मोर जेमतेम वीतभर उंचीचा. तुरा, मान, पिसारा, पायाखालची तबकडी, सगळं चांदीच्या तारेचं. पाठीवरचं झाकण उघडलं की आत अत्तराचा फाया ठेवायची जागा. जाळीच ती, तिच्यात अत्तर ओतणार कसं? फाया नाहीतर काचेची कुपी आत ठेवायची, सुगंध आपोआप बैठकीभर होतो.

ही घडण तेलंगणातल्या करीमनगरची. शेजारच्या एलगंदलला हे तारकाम रुजलं असं इथे मानतात. पुढे निजामाच्या राज्यात हैदराबादच्या उमरावांनी ते पोसलं. १९४८ पर्यंत आपला मराठवाडाही त्याच संस्थानात होता.

आता कारागिराचा हात बघा. वस्तूचं खरं मोल इथे आहे.

मुशीत चांदी वितळते. कांब ओतायची, ठोकून लांबवायची आणि मग जंत्री घ्यायची. पोलादी पट्टी, तिला एकाहून एक बारीक भोकं. तार त्या प्रत्येक भोकातून ओढायची. ओढता ओढता चांदी कडक होते, तुटायला बघते; म्हणून मध्येच तापवून पुन्हा मऊ करायची. केसासारखी झाली की दोन तारा एकत्र पिळायच्या आणि दाबून चपट्या करायच्या. त्या पिळामुळे कडेवर बारीक दाणे उमटतात. दिव्याखाली लखलखतात ते हेच दाणे.

आधी जाड तारेची चौकट: एक पान, एक पीस. तिच्या पोटात ही चपटी तार चिमट्याने गुंडाळत, दुमडत भरायची. अजून काहीच जोडलेलं नाही, तारेला फक्त तारेचा आधार. मग वर टाकणखार आणि डाकाचा, म्हणजे सांधणाऱ्या धातूचा, कीस भुरभुरायचा आणि ज्योत द्यायची. ज्योत जरा रेंगाळली तर पिसाचा गोळा होतो. असं एकेक पीस जोडत मोर उभा राहतो.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात हे तारकाम जवळून पाहता येतं. २००७ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागीर मात्र घटले आणि घराघरांतल्या जुन्या अत्तरदाण्या मोडीत निघत आहेत.

मोडीत वजन धरतात, मजुरी नाही. तारकाम तर वजनाला हलकंच, हातावर पडतं ते थोडंथोडकं. घरात अशी अत्तरदाणी असेल तर विकू नका. काळवंडली असेल तर पावडर लावून घासू नका, ती जाळीत अडकून बसते. रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.