गव्याचे पांढरे मोजे आणि गाईचा "उलटा" गुडघा

नमस्कार मंडळी! मोलेच्या जंगलात किंवा आमच्या सत्तरीत काजूच्या बागेत कोणी गवा बघितलाय का? आपला गवो रेडो, गोव्याचा राज्यप्राणी. सगळं अंग काळंभोर आणि पायात पांढरे मोजे. आज मला त्या मोज्यांबद्दलच बोलायचंय. मी अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवते आणि दरवर्षी वर्गात हाच प्रश्न येतो, मॅडम, गाईचा मागचा गुडघा उलटा का वाकतो?

उलटा वाकतच नाही तो. कारण तो गुडघाच नाहीये.

आता उभे राहा आणि माझ्याबरोबर मोजा, पण मोजायचं वरून, खुब्यापासून. खुबा, मग मांडीचं हाड, मग गुडघा, मग नडगी, मग टाच, मग पाऊल, शेवटी बोटं. गाईला पण हाच क्रम, एकही गोष्ट कमी नाही. फक्त तिचं मांडीचं हाड पोटाच्या कातडीत झाकलेलं असतं, त्यामुळे खरा गुडघा पोटाच्या जवळ वर लपतो आणि तो आपल्यासारखाच पुढे असतो. त्याच्या खाली मागच्या बाजूला जे टोकदार हाड बाहेर आलेलं दिसतं ना, ती तिची टाच. म्हणजे गाय आयुष्यभर चवड्यावर, चवड्यावर पण नाही, बोटांच्या नखांवर उभी असते. खूर म्हणजे नख. आपलं मधलं बोट आणि अनामिका, त्या जागेची तिची दोन बोटं जमिनीला टेकतात आणि मागे वर जी दोन छोटी नखं लोंबतात ती उरलेली दोन बोटं. अंगठा गेला.

आता गव्याचे मोजे परत आठवा. मागच्या पायात पांढरा रंग साधारण कुठपर्यंत येतो? टाचेपर्यंत! आपण मोजा घालतो तसाच. आणि पुढच्या पायात जिथपर्यंत येतो त्याला सगळे गुडघा म्हणतात, तो गुडघा नाही, मनगट आहे. पुढचे पाय म्हणजे हात ना, म्हणजे खरं तर गव्याने दोन मोजे आणि दोन हातमोजे घातलेत असं म्हणायला पाहिजे. कोपर बघायचं असेल तर छातीला चिकटून वर बघा.

गाय बसताना बघितलीय ना, आधी पुढे वाकते आणि "गुडघे" टेकते, ते ती मनगटं टेकवते. उठताना आधी मागचा भाग वर, तोपर्यंत मनगटांवर तोललेली. घोडा बरोब्बर उलटा, तो आधी पुढचे पाय समोर रोवतो आणि मग मागचा भाग उचलतो.

ज्यांच्या घरी पाया सूप होतं त्यांनी पुढच्या वेळी बकऱ्याची नळी नीट बघा. एकच हाड वाटतं पण लांबीला एक बारीक खाच असते आणि खालच्या टोकाला दोन गोल भाग. ती दोन हाडं होती, जुळून एक झाली, आपल्या तळहाता-तळपायातली ती हाडं. आणि कोंबडीच्या शागुतीत लेगपीस आला की त्यात सुईसारखं बारीक हाड सापडतं बघा, नडगीच्या शेजारी आपल्याला जे दुसरं हाड असतं ना, तेच ते, कोंबडीत बारीक होऊन खाली पोचायच्या आधीच संपलंय. म्हणजे लेगपीस ही मांडी नाही, नडगी.

आता वर चला, कंबरेकडे. कंबरेवर हात ठेवा, भांडायला उभे राहतो तसे. (कंबरेवर हात ठेवून दाखवते) हात जिथे टेकला तो हाडाचा काठ. बरेच लोक म्हणतात हाच खुबा, पण खुब्याचा सांधा बराच खाली, जांघेच्या आत आहे. आता तळहात खाली घेऊन त्यावर बसा, दोन टणक गोळे लागतील, ती बसायची हाडं. काठ आणि गोळा, दोन्ही एकाच हाडाचे भाग, जे लहानपणी तीन वेगळे तुकडे असतं आणि तीनही तुकडे बरोबर खुब्याच्या वाटीत भेटतात आणि वयात येताना जुळतात. मला हे फार सुंदर वाटतं, की ज्या जागी सगळा भार येणार तिथेच तीन हाडांचा जोड आहे.

हे सगळं गाईत तर हात न लावता दिसतं. पाठीच्या मागच्या भागात दोन बाजूंना खुंटीसारखी जी हाडं वर येतात तो आपला हात ठेवायचा काठ, आणि शेपटीच्या दोन बाजूंना जे उंचवटे ते बसायचे गोळे. गाईत हे हाड लांबुळकं आणि आडवं, आपल्यात बुटकं, रुंद, वाडग्यासारखं, कारण आपण दोन पायांवर उभे. आणि दोन पायांवर तरी कुठे, चालताना दर पावलाला आपण एका पायावर असतो! तेव्हा दुसरी बाजू खाली कोसळू नये म्हणून कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू त्या काठापासून मांडीच्या हाडाला ताणून धरतो. त्यात ताकद नसली की माणूस झुलत चालतो.

पावसात जो मोठा बेडूक दिसतो तो बसला की त्याच्या पाठीवर कुबड दिसतं, तिथे कंबरेचं हाड कण्याला जोडलेलं असतं. त्या हाडाच्या लांब दांड्या झाल्यात आणि टाचेची हाडंपण लांबलीत, म्हणून उडी मारायला पायाला एक जास्तीची घडी. (हे बघायला बेडूक मारू नका, खायला तर नकोच, १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.) आणि किनाऱ्यावर वाहून आलेल्या डॉल्फिनच्या पुढच्या पराच्या आत खांदा, कोपर, मनगट, बोटं सगळं असतं, मागे मात्र पाय नाहीत, पण पोटाच्या आत कण्याला न जोडलेली दोन छोटी हाडं अजून आहेत. कंबर उरलीय, पाय गेले.

तुम्ही म्हणाल मॅडम, गुडघा म्हटलं काय नि टाच म्हटलं काय. तर ऐका. आमच्या घरची गाय व्यायला झाली होती, वाळपईत धो धो पाऊस, शेपटीच्या दोन बाजू खोल गेलेल्या, म्हणजे तिथले बंध सैल पडले होते, वाट तयार होती. दोन खूर बाहेर दिसले आणि पुढे काही सरकेना. काका दोरी बांधायला निघाले. वासरू नीट येत असलं की पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकलेलं नाक येतं, इथे नाक दिसेना. फोनवर गुरांचे डॉक्टर म्हणाले, खुरापासून वर दोन सांधे चाचपा, दोन्ही एकाच दिशेला वाकतात की उलट?

एकाच दिशेला वाकले तर वरचं मनगट, म्हणजे पुढचे पाय, डोकं आत मागे वळलेलं असू शकतं, खेचायचं नाही. उलट दिशेला वाकले तर वरची टाच, म्हणजे मागचे पाय, वासरू पायाळू. काकांनी हात घातला, थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "उलट. टाच लागते गो, टोक लागतं हाताला."

पायाळू वासराची नाळ डोकं आत असतानाच दबते म्हणून उशीर चालत नाही. डॉक्टर पोचले आणि त्यांनी गाईच्या कळेबरोबर, थोडं खालच्या दिशेने खेचत, वासरू काढलं. नाका-तोंडातलं पाणी पुसलं, गवताच्या काडीने नाकात गुदगुल्या केल्या आणि ते शिंकलं. पाडी होती. तासाभराने उठायला लागली, आधी मागचा भाग वर, आणि किती तरी वेळ तशीच, मनगटांवर.