ताटलीतलं बोटभर पाणी

श्रोतेहो, नमस्कार. परवा गॅलरीतल्या कुंडीखालची ताटली सहज उचलली. त्यात बोटभर पाणी होतं आणि पाच-सहा अळ्या डोकं खाली, शेपूट वर करून लोंबत होत्या. टिचकी मारताच वळवळत तळाशी गेल्या. एडिस, म्हणजे डेंग्यूचा डास.

जितका पाऊस जास्त तितके डास जास्त, असं आपण धरूनच चालतो. पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या सोफिया याकोब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू आणि हवामान शेजारी ठेवून पाहिलं. आठवड्यात दीडशे मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला तर अंडी-अळ्या वाहून जातात. डासाला मानवतो तो बेताचा, महिनाभर विखरून पडणारा पाऊस, जोडीला २७ अंशांच्या वरचं तापमान आणि ६० ते ७८ टक्के आर्द्रता.

मग पुढे मुसळधार पाऊस वाढणार असेल तर बरंच की, असं कुणी म्हणेल. मलाही क्षणभर वाटलं. पण या हिशेबात उष्णता पावसाला भारी पडते. डेंग्यूच्या रुग्णाला चावलेली मादी लगेच रोग देत नाही. विषाणू तिच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोचावा लागतो. २५ अंशांना याला साधारण दोन आठवडे लागतात, ३० अंशांना जेमतेम एक. मादीचं आयुष्यच मुळी काही आठवड्यांचं. गारव्यात कितीतरी माद्या विषाणू तयार होण्याआधीच मरतात. उकाड्यात तो आधी तयार होतो. हवामानबदलाने उकाडा वाढत जाणार, म्हणूनच पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू २०६० पर्यंत २५ ते ४० टक्क्यांनी वाढतील, असा या अभ्यासाचा अंदाज आहे.

गोचिडीची तऱ्हा निराळी. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला, गोचीड चावून होणारा माकडताप गेल्या दहा-बारा वर्षांत गोव्यातल्या सत्तरीत आणि आपल्या दोडामार्गात पोचला. त्याचा हंगाम पावसाळ्यात नव्हे, तर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे नेमकी माणसं काजू वेचायला बागेत उतरतात तेव्हा. त्याचं सगळं खापर मात्र मी हवामानावर फोडणार नाही. जंगल तुटलं, माणूस आत शिरला, हेही त्यात आहे.

डेंग्यूत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पाऊस आणि मृत्यू यांच्यात दोन ते पाच महिन्यांचं अंतर पडतं. जूनचा पाऊस पाहून ऑगस्टची तयारी करता येते, फक्त रुग्णांचे आकडे वेळेवर हाती यायला हवेत.

आणि हो, ती ताटली. मी ती उपडी करून निघालोच होतो, मग आठवलं. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर, कडेला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. परत आलो, काथ्या घेतला आणि कड खसाखसा घासून काढली.