पेटारा उघडा असताना

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारी सकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये एखाद्या वेळी तुम्हीही हे पाहिलं असेल. दाराशी एक मुलगा उभा असतो, हातात चादरीत गुंडाळलेली, त्याच्याहून उंच तलवार. खिडकीशी एक मुलगी, डोक्यावर निळ्या केसांचा टोप आणि मांडीवर घडी घातलेले पंख. राम मंदिर स्टेशन आलं की ही मंडळी एकमेकांची शस्त्रं सांभाळत उतरतात आणि नेस्को या प्रदर्शनाच्या जागेच्या रस्त्याला लागतात. तिथे कॉमिक्स, ॲनिमे म्हणजे जपानी कार्टूनपट, व्हिडिओ गेम यांच्या चाहत्यांचा मेळा भरलेला असतो, आणि आपल्या लाडक्या पात्राचा वेश करून यायची तिथली रीत आहे. याला म्हणतात कॉस्प्ले. मी गेली 12 वर्षं अशा मेळ्यांत फोटो काढतो. आज तुमच्याशी बोलायचंय ते त्याबद्दल.

ही रीत बाहेरून आली हे खरं. 1939 साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा मायर्टल डग्लस नावाच्या एका बाईने स्वतःसाठी आणि फॉरेस्ट ॲकरमन या मित्रासाठी भविष्यातल्या माणसांचे कपडे शिवले. ते घालून दोघं संमेलनात हिंडले. कॉस्प्ले हा शब्द जपानने दिला, 1980 च्या दशकात. आपल्याकडे पहिलं कॉमिक कॉन, म्हणजे असा चाहत्यांचा मेळा, 2011 साली दिल्ली हाटात झालं. पण वेश घेऊन लोकांत जाणं आपल्याला कुठे नवीन आहे? पोलिसाच्या वेशात दारात येऊन 'चला, तुमच्यावर वॉरंट आहे' म्हणणारा बहुरूपी ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं काय सांगायचं! आणि शाळेतली फॅन्सी ड्रेस स्पर्धा तर घरोघरी झालेली आहे. माझं स्पष्ट मत आहे, त्या स्पर्धेला ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेला वेश देऊ नये. आईने जुन्या उपरण्याची वाकडीतिकडी पगडी बांधलेला टिळक मला त्या चकचकीत टिळकापेक्षा शंभरपटीने आवडतो. असो. विषय फोटोचा आहे.

तर फोटोचा पहिला नियम. आधी विचारा, मग काढा. पुन्हा सांगतो, आधी विचारा, मग काढा. वेश केला म्हणजे परवानगी दिली असं होत नाही. 2014 साली न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये नेमकं हेच सांगणारे मोठे फलक लावले होते. मला वाटायचं, हा नियम मी पाळतो. विचारल्याशिवाय मी कधीच फोटो काढला नव्हता. पण विचारायचं कधी, हे मला एका आजींनी शिकवलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नेस्कोच्या हॉलमध्ये, भिंतीच्या कडेला, एक मुलगा खुर्चीवर बसला होता. असेल एकोणीस-वीस वर्षांचा. अंगावर एका व्हिडिओ गेममधल्या राजाचं चिलखत. स्लिपरचे तळवे ज्या फोमचे असतात ना, त्याच फोमचं बनवलेलं. हीट गनने तापवून वळवलेलं, वर पाण्यात कालवलेल्या फेव्हिकॉलचे थर, त्यावर काळा रंग आणि कडांना चांदी. लांबून अस्सल पोलाद वाटत होतं. छातीवर लाल दिवे, लोहार चाळीच्या बाजारातून आणलेले. शिरस्त्राण काढून मांडीवर ठेवलेलं. केस घामाने कपाळाला चिकटलेले. चिलखतामुळे त्याचा हात कोपरात वाकत नव्हता, म्हणून शेजारी उभ्या असलेल्या नऊवारीतल्या आजी त्याला बाटलीतून स्ट्रॉने कोकम सरबत पाजत होत्या. दुसऱ्या हाताने विंझणा चालूच.

मला ते चित्र फार आवडलं. आजी, विंझणा, सरबत आणि लाल दिवे लुकलुकणारा राजा! मी पुढे झालो, मुलाला विचारलं, 'काढू का एक?' त्याच्या तोंडात स्ट्रॉ होती. त्याने मान हलवली. मी काढला.

आजींनी विंझणा थांबवला. माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, 'रे झिला, हो फोटो पुसून टाक. पोरगो अजून राजा जावक नाय.'

पोरगा अजून राजा झालेला नाही! मला क्षणभर कळेना. म्हटलं, आजी, त्याला विचारूनच काढलाय. तर म्हणाल्या, त्याला काय विचारतोस, तहानलेलं पोर कशालाही हो म्हणेल.

मग त्या बोलायला लागल्या. माहेर कुडाळकडचं. वडील दशावतारात काम करायचे, राजाचं. जत्रेच्या रात्री देवळामागे वेशांचा पेटारा उघडायचा, कंदिलाच्या उजेडात आरसा मांडीवर घेऊन नट स्वतःच स्वतःचं तोंड रंगवायचे. आणि पेटारा उघडा असेतोवर पोरांनी तिकडे फिरकायचं नाही, ही त्यांच्या घरची सक्त ताकीद. चुकून एकदा त्या गेल्या. वडिलांच्या अर्ध्या तोंडाला रंग होता, अर्धं तोंड रोजचं, शेतावर जाणाऱ्या माणसाचं. 'त्यांनी मला मारलं नाही,' आजी म्हणाल्या, 'फक्त तोंड फिरवलं. पण त्या रात्री राजा दरबारात आला तरी मला माझा बापूसच दिसत राहिला.' साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची रात्र, पण त्यांच्या आवाजात ती कालची होती.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो त्यांना दाखवला आणि त्यांच्यासमोर पुसला. खरं सांगतो, चांगला फोटो होता. माझ्या सगळ्या वर्षांतल्या पहिल्या दहांत बसला असता. पण त्यात दिसत होता तो घामाघूम झालेला, दमलेला एक मुलगा, आणि तो मुलगा पाच महिने रात्री जागला होता ते राजा दिसावं म्हणून.

आजींनी पदराने त्याचं कपाळ पुसलं. शिरस्त्राण चढवलं, मागचा बंद लावला. मुलगा उठला. आणि श्रोतेहो, उठताना त्याची पाठ बदलली. खांदे मागे गेले, हनुवटी वर, पावलं फाकली. तलवार टेकवून तो उभा राहिला आणि समोरून जाणारी माणसं आपोआप बाजूला झाली. आजी दोन पावलं मागे सरकल्या, विंझणा पाठीमागे लपवला आणि मला म्हणाल्या, 'आता काढ.'

मी एक गुडघा टेकला आणि काढला. तेव्हापासून माझा नियम साधा आहे. शिरस्त्राण उतरलेलं असेल, टोप काढलेला असेल, कोणी खात-पीत असेल, तर पेटारा उघडा आहे. तेव्हा विचारायचंसुद्धा नाही. पाण्याची बाटली पुढे करायची आणि थांबायचं.

आता उरलेल्या वेळात कामाच्या चार गोष्टी. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो नेहमी जरा खालून काढा, कमरेच्या उंचीवरून किंवा गुडघा टेकून, म्हणजे पात्र भारदस्त दिसतं. फोन असेल तर अगदी जवळ जाऊ नका, नाक मोठं आणि पाय आखूड येतात. चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूम करा. हॉलचं छत फार उंच असतं, त्यामुळे फ्लॅश वर मारून उपयोग नाही. आणि वेशात दिवे असतील तर समोरून जोरात फ्लॅश मारूच नका, दिवे विझल्यासारखे दिसतात. फोटोवर काळे पट्टे येतात, ते का? आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटरचा वेग 1/100 सेकंद ठेवा, पट्टे जातील. लक्षात ठेवा, 1/100. मूल लहान असेल तर आईवडिलांना विचारा. वेशाला, शस्त्राला हात लावू नका, फोमचा सांधा एका धक्क्याने उकलतो. आणि काढलेला फोटो त्या माणसाला पाठवा. जमलं तर कागदावर छापून द्या. हल्ली फोटो छापतंच नाही कोणी, हजारो फोटो फोनबरोबर पाण्यात पडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या राजाचा फोटो मी छापून घेतला, चांगला बारा बाय अठराचा, आणि लालबागला त्यांच्या घरी नेऊन दिला. आजींनी चष्मा लावला. खिडकीपाशी नेऊन, उजेडात धरून, बराच वेळ पाहिला. मग नातवाला हाक मारली आणि फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, 'डावो पट्टो सैल दिसता. पुढच्या वर्साक घट्ट कर.'

नमस्कार.