माद्रिदच्या घरातला पॅलेस्टिनी जावई

नमस्कार, श्रोतेहो. आज मी आपल्याशी ‘सेरेस केरिदोस’ या 2004 सालच्या स्पॅनिश चित्रपटाविषयी बोलणार आहे. तेरेसा पेलेग्री आणि डॉमिनिक हरारी या दांपत्याने तो लिहिला आणि दिग्दर्शितही केला. माद्रिदमधल्या एका ज्यू कुटुंबातली लेनी आपल्या होणाऱ्या नवऱ्याला, राफीला, घरच्यांच्या भेटीला आणते. राफी पॅलेस्टिनी आहे, हे मात्र घरात अजून कोणालाच ठाऊक नाही.

आता वादविवाद झडतील आणि शेवटी समेट होईल, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात संकट येते ते सुपाच्या रूपाने. होणाऱ्या सासूबाईंना हातभार लावावा म्हणून स्वयंपाकघरात शिरलेल्या राफीच्या हातून गोठून दगड झालेले सूप खिडकीबाहेर निसटते आणि थेट खाली रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात बसते. ते लेनीचे वडील तर नसतील ना, या शंकेने त्याचा जीव टांगणीला लागतो. असा धांदरटपणा कोणाही जावयाच्या हातून घडला असता. पण पॅलेस्टिनी जावयाने ‘चुकून झाले’ म्हटले, तर ज्यू सासरचे त्यावर विश्वास ठेवतील का? या एका भीतीत दिग्दर्शकांनी सारे राजकारण सामावले आहे, आणि माझ्या मते चित्रपटाचे मर्म तेच आहे.

घरही काही शांत नाही. अंध आजोबा दुदू 1948 च्या अरब-इस्रायल युद्धात लढलेले आहेत आणि त्यांनी बंदूक अजून जपून ठेवली आहे. भाऊ डेव्हिड नव्यानेच कर्मठ झाला आहे. शिवाय ज्या स्पेनने 1492 मध्ये ज्यूंना आणि 1609 पासून मुस्लिम वंशाच्या मोरिस्कोंना देशाबाहेर घालवले, त्याच स्पेनच्या राजधानीत हे सारे घडते, हे ध्यानात ठेवून चित्रपट पाहिला तर त्याची गोडी वाढते.

उत्तरार्धात धावपळ फार होते आणि बहीण तानियाचे पात्र वरवरचे राहते. ती उणीव आईच्या, म्हणजे ग्लोरियाच्या भूमिकेतील नोर्मा अलेआन्द्रो भरून काढतात. 1985 साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळवलेल्या या अर्जेंटिनी अभिनेत्रीने कमाल केली आहे. ग्लोरियाला जावई कोण मिळणार याची जितकी चिंता आहे, तितकाच घरी न परतलेल्या नवऱ्याविषयी संशयही आहे, आणि अलेआन्द्रो हे दोन्ही भाव विनोदाची लय कोठेही न मोडता एकाच चेहऱ्यावर दाखवतात.