मोडलेल्या दातात नवी मज्जा: जंतूंना रोखणारी परांची

नमस्कार. माझ्या हातातला हा एक्स-रे पाहा. वरचा पुढचा दात सातव्या-आठव्या वर्षी येतो, पण त्याची मुळी पूर्ण व्हायला आणखी सुमारे ३ वर्षे लागतात. त्याआधीच मूल सायकलवरून पडले आणि दाताची मज्जा, जिला आपण नस म्हणतो ती, मेली, तर मुळीची वाढ तिथेच थांबते. इथे मुळीचे टोक नरसाळ्यासारखे उघडे आहे आणि तिच्या भिंती पातळ आहेत. असा दात पुढे साध्या धक्क्यानेही मोडतो.

अशा मुळीत जिवंत ऊती परत आणता येते. मुळी निर्जंतुक करून तिच्या टोकापलीकडून थोडे रक्त आत आणतात. त्याची गाठ परांचीसारखी उभी राहते आणि टोकाजवळच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांपासून निरनिराळ्या ऊती बनू शकतात अशा पेशी, तिच्या आधाराने आत वाढतात. मात्र जंतू उरले, तर ही परांची त्यांचेच घर होते.

त्यासाठी मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लिन यांचा लेप वापरतात. इथे मात्रा फार जपावी लागते, कारण घट्ट कालवलेला लेप जंतूंबरोबर मूळपेशीही मारतो आणि मिनोसायक्लिनने दात काळवंडतो. म्हणून संशोधक औषध परांचीतच गुंफतात. विरघळणाऱ्या टाक्यांचा धागा ज्या पॉलिडायऑक्सानोनचा असतो, त्याच्याच अतिसूक्ष्म तंतूंत औषध भरले, की ते थोडे थोडे झिरपते आणि तंतू हळूहळू विरून जातात. मला अधिक आशा कायटोसानची वाटते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या या पदार्थाचा धन प्रभार जंतूंच्या ऋण प्रभाराच्या आवरणाला चिकटतो आणि ते फाडतो, म्हणजे इथे परांची स्वतःच जंतुनाशक ठरते.

हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरील चाचण्यांत आहे. शिवाय आत वाढते ती ऊती पुष्कळदा खऱ्या मज्जेपेक्षा हाडासारखी किंवा मुळीवरच्या थरासारखी असते, हेही पालकांना आधीच सांगायला हवे.

तरीही बीड-धाराशिवच्या मुलांसाठी मी या परांचीची वाट पाहतो. आजच्या उपचारात लेप भरल्यावर १ ते ४ आठवड्यांनी पुन्हा यावे लागते, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेले कुटुंब तेव्हा कारखान्याच्या फडावर असते. ते परत येते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो, दातातले तात्पुरते सिमेंट झिजलेले असते आणि मुळीत जंतू पुन्हा शिरलेले असतात.