रॉड धरून किती?

(दृश्य : पहाटेचे साडेपाच. पूर्व भागातली एक जिम. शटर अर्धं वर. शेजारच्या गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट, आतून प्लेटांचा ठणठणाट.)

सोलापुरात सोमवारी सकाळी कुठल्याही जिममध्ये जा, बेंच रिकामा मिळायचा नाही. सोमवार म्हणजे चेस्ट, छातीचा दिवस : बेंचवर उताणं झोपून रॉड छातीवरून वर ढकलायचा, म्हणजे बेंच प्रेस. हा नियम कुणी काढला ते ठाऊक नाही, पण एकादशीपेक्षा कडक पाळला जातो. बेंचभोवती नंबर लावून उभ्या असलेल्या पोरांमध्ये प्रश्न एकच फिरतो, "किती मारायलास बे सध्या?"

उत्तरं येतात. "दहा-दहा." "चाळीस." "वीस-वीस, रॉड धरून साठ."

यातलं खरं कुठलं, हे सांगणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं. "दहा-दहा" म्हणणारा फक्त प्लेटा मोजतो. "रॉड धरून" म्हणणारा रॉडचे 20 किलो धरतो, कारण मोबाइलवर त्याने तसं ऐकलेलं असतं. ते 20 किलो खरेच आहेत, पण ते ऑलिंपिक बारचे. त्या बारची लांबी 2.2 मीटर, टोकं 50 मिलिमीटर जाड आणि गरगर फिरणारी. आपल्याकडच्या गल्लीतल्या जिममध्ये बेंचवर असतो तो साधा, सरळ, एकाच जाडीचा रॉड.

(दृश्य : रॉडवर टेप लावलेली. लांबी सहा फूट. व्हर्नियरमध्ये जाडी 28 मिलिमीटर.)

त्याचं वजन काढायला काटाही लागत नाही. बांधकामावर सळईचं वजन काढतात तेच गणित. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करायचा, त्याला 162 ने भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 28 चा वर्ग 784, भागिले 162, म्हणजे मीटरला 4.84 किलो. सहा फूट म्हणजे 1.83 मीटर. रॉड भरला साधारण 8.85 किलो. तोच रॉड पाच फुटी असेल तर 7.4, सात फुटी असेल तर 10.3. आतून पोकळ पाइप असेल तर आणखी हलका.

(दृश्य : एकोणीस वर्षांचा मुलगा वजनकाट्यावर. 58.2. मग रॉड छातीशी धरून परत काट्यावर. 67.0.)

काट्यावर रॉड 8.8 भरला. गणित आणि काटा दोघांचं जवळपास एकमत झालं. या मुलाने दोन्ही बाजूंना दहा-दहा लावले होते आणि वहीत 40 लिहिलं होतं. खरं वजन 28.8. तो खजील झाला. तसं व्हायचं काही कारण नाही. पंधरा दिवसांपूर्वी व्यायामाला लागलेल्या 58 किलोच्या मुलाला हा आकडा शोभेसा आहे.

मग नवख्याने किती उचलायला हवं? ज्याने आधी अंगमेहनतीचं किंवा खेळाचं काही केलेलं नाही असा साठ-पासष्ट किलोचा तरुण, पहिल्या महिन्यात, एकदाच पण पद्धतशीर उचलायचं म्हटलं तर साधारण 30 ते 45 किलोच्या आसपास असतो. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या अर्ध्यापासून पाऊणपट. बायकांच्या बाबतीत हा आकडा बहुधा 15 ते 25. म्हणून वीस किलोचा नुसता बारही पहिल्या दिवशी जड वाटला तर त्यात नवल नाही. त्यांच्यासाठी आपला गावठी आठ-नऊ किलोचा रॉडच सोयीचा, नाहीतर पाच-पाच किलोचे डंबेल्स. उंची, हातांची लांबी, वय, आधीची सवय यांनी यात खूप फरक पडतो. लांब हातांच्या माणसाला तेच वजन जास्त अंतर न्यावं लागतं.

एकदाच किती उचलतो, हे पाहायला नवख्याने मात्र एकदाच उचलून पाहू नये. पाच-सहा वेळा नीट उचलता येतं ते वजन घ्यावं आणि हिशेब कागदावर करावा. जितक्या वेळा उचललं त्या संख्येला 30 ने भागा, त्यात 1 मिळवा, येईल त्याने वजनाला गुणा. आपल्या मुलाने 28.8 किलो पाच वेळा उचललं. 33.6 आलं. म्हणजे तो एकदा अंदाजे 34 उचलेल. दहा-बारा रेप्सच्या (एक रेप म्हणजे एकदा खाली-वर) पुढे हे गणित बिघडतं.

(दृश्य : तालमीतली लाल माती. एक पैलवान दंड काढतोय.)

इथे एक कोडं पडतं. साध्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा जवळपास दोन-तृतीयांश भार येतो. आपला मुलगा वीस पुशअप सहज मारतो, म्हणजे दर वेळी 38 किलोच्या आसपास ढकलतो. मग बेंचवर 29 किलोचा पाचवा रेप काढताना थरथरतो कशाने? जमीन हलत नाही, म्हणून. पुशअप काय, दंड काय, तळवे जागेवर असतात आणि अंग हलतं. बेंचवर अंग जागेवर असतं आणि रॉड मोकळा. तो पुढे, मागे, डावी-उजवीकडे कुठेही जाऊ शकतो, आणि त्याला रेषेत ठेवण्यातच नवख्याची निम्मी ताकद संपते. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे उंचच उंच काठ्या, पेलणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथे ताकदीला तोलाची जोड लागतेच. तालमीत शे-दोनशे दंड काढणाराही बेंचवर पहिल्या दिवशी डगमगतो, आणि दोन-तीन आठवड्यांत भराभर पुढे जातो. ताकद होतीच, रॉडची ओळख नव्हती.

आता ती ओळख.

(दृश्य : रिकामा बेंच, बाजूने.)

आडवं होताना डोळे बरोबर रॉडच्या खाली. डोकं त्याच्याही वर सरकलं तर वर ढकलताना रॉड स्टँडच्या खांबांवर आपटतो. फार खाली सरकलं तर रॉड काढतानाच खांदा ओढला जातो. मग खांद्यामागची दोन्ही पसरट हाडं एकमेकांकडे ओढून खाली दाबायची, पाठीवर मध्ये कुणी बोट ठेवलंय आणि ते चिमटीत धरायचंय अशी. ही पकड शेवटचा रेप होईपर्यंत सुटता कामा नये. सुटली की खांदा पुढे येतो, आणि छातीचं काम खांद्याच्या पुढच्या भागावर पडतं. "चेस्ट मारतो, पण दुखतो खांदा", या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

पाय जमिनीवर सपाट. स्पर्धेतला बेंच जमिनीपासून 42 ते 45 सेंटिमीटर उंच असतो. वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला बेंच कितीही उंच असू शकतो. पाय लोंबकळत असतील तर प्रत्येक पायाखाली एकेक मोठी प्लेट ठेवा. पाय बेंचवर घेऊ नका, तोल जातो.

(दृश्य : अगदी जवळून, तळहात.)

पकड. रॉड बोटांच्या मुळाशी ठेवला तर मनगट मागे मोडतं. तो तळहाताच्या खालच्या गादीवर, मनगटाच्या हाडाच्या सरळ वर बसायला हवा. अंगठा रॉडला वळसा घालूनच. अंगठा मागे ठेवून मारणारे सगळ्या जिममध्ये दिसतात, आणि "असं जास्त लागतं छातीला" असंही सांगतात. मे महिन्यात, पारा 42 वर असताना, घामेजल्या हातातून रॉड सुटला तर कुठे लागतं ते सांगायला नको. हातांमधलं अंतर एवढंच की रॉड छातीला टेकला असताना कोपरापासून मनगटापर्यंतचा हात समोरून आणि बाजूने उभा सरळ दिसावा.

खाली आणताना कोपरं बगलेपासून काटकोनात फाकवायची नाहीत. 45 ते 70 अंशांत कुठेतरी. रॉड गळ्याकडे नाही, छातीच्या खालच्या भागावर, स्तनाग्रांच्या ओळीत किंवा बोटभर खाली टेकतो. दीड-दोन सेकंदांत आणा, टेकवा, ढकला. वर जाताना तो सरळ काठीसारखा जात नाही, किंचित डोक्याच्या दिशेने तिरपा जातो आणि खांद्याच्या वर येऊन थांबतो. श्वास वर असताना घ्या, खाली आणताना धरा, निम्म्याच्या वर गेल्यावर सोडा. ज्यांना ब्लडप्रेशरचा त्रास आहे त्यांनी श्वास कोंडू नये आणि आधी डॉक्टरांना विचारावं.

छातीवर रॉड आपटून उसळवणं ही चूक नाही, चोरी आहे. रॉड सगळ्यात जास्त अडतो तो छातीपासून चार-सहा बोटं वर. उसळीने नेमका तेवढा टप्पा फुकटात पार होतो, आणि तिथली ताकद कधी वाढतच नाही. ढुंगण बेंचवरून उचलणं हे तिचंच भावंड.

(दृश्य : बेंचच्या रेक्झिनवर घामाचा डाग. त्यावर अंथरलेला सोलापुरी टॉवेल.)

टॉवेल स्वच्छतेसाठी आहेच, पण घामाच्या रेक्झिनवर पाठ घसरते आणि खांद्यामागची पकड सुटते. टेरी टॉवेल तिला धरून ठेवतो. यासाठी दुसऱ्या गावच्या पोरांना पैसे मोजावे लागतात. आपल्याकडे घरोघरी चार पडलेले असतात.

वाढवायचं कसं? आठवड्यातून दोनदा बेंच, मध्ये किमान दोन दिवस. आधी नुसता रॉड, दहा-दहाचे दोन सेट. मग ठरलेल्या वजनाच्या निम्म्याने पाच रेप्स. मग ठरलेलं वजन, पाच-पाचचे तीन सेट, मध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती. पंधराच्या पंधरा रेप्स स्वच्छ निघाले, तर पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना मिळून 2.5 किलो जास्त. नाही निघाले, तर तेच वजन परत. तेवढ्याच दिवसांत पाठीचं रोइंगही (वजन पोटाकडे ओढायचा व्यायाम) करा, निदान बेंचइतकं.

पहिले सहा-आठ आठवडे हे भराभर चालतं. यातली बरीच वाढ स्नायू जाड झाल्याची नसते. मेंदू त्याच स्नायूंना एकत्र कामाला लावायला शिकलेला असतो. मग गाडी अडते, आणि अडचण प्लेटांची असते. बऱ्याच जिममध्ये 1.25 ची प्लेट नसते, सगळ्यात लहान 2.5 ची. दोन लावल्या की एकदम 5 किलो. 35 किलोवाल्याला ही एका दमात 14 टक्क्यांची उडी आहे. जमत नाही म्हणून तो खचतो, किंवा ढुंगण उचलून जमवतो.

(दृश्य : एमआयडीसीतलं लेथ. चकती कापली जातेय.)

उपाय लोखंडाचाच. 120 मिलिमीटर व्यासाची, 6 मिलिमीटर जाड पोलादी चकती, मधोमध 30 मिलिमीटरचं भोक. ती बरोबर अर्धा किलो भरते. अशा चार करून घेतल्या की एका किलोच्या, दोन किलोच्या पायऱ्या मिळतात. लेथवाला आधी विचारेल, कुठल्या मशीनचा पार्ट आहे म्हणून.

नीट खाणारा, झोपणारा मुलगा सहा महिने ते वर्षभरात स्वतःच्या वजनाएवढं एकदा उचलण्याच्या जवळ जातो. रात्रपाळी करून थेट जिमला येणाऱ्याला जास्त वेळ लागतो. खाण्याचं थोडक्यात : शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅम प्रथिनं पुरतात. 58 किलोला 87 ग्रॅम. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात 25, एका अंड्यात 6. भाकरी-शेंगाचटणीवर सुरुवात होते, पण डाळ, अंडी, दूध यांच्याशिवाय आकडा पुरा होत नाही. डब्याची पावडर शेवटी.

(दृश्य : मुलगा शेवटच्या सेटला. डोक्यामागे सपोर्टला एक जण.)

सपोर्ट देणाऱ्याने पहिल्या रेपपासून रॉडला बोटं लावून "तुझंच आहे, तुझंच आहे" ओरडायचं नाही. तसं केलं तर किती किलो कुणाचं, हे कुणालाच कळत नाही. हात रॉडखाली, न लावता. रॉड अडला किंवा खाली येऊ लागला की मगच धरायचा, आणि तो रेप वहीत लिहायचा नाही. स्पर्धेत तर उचल चालू असताना कुणी रॉडला हात लावला की ती उचल बादच. तिथे मोजणीत रॉड धरतातच, शिवाय प्लेटा सरकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना लावलेले अडीच-अडीच किलोचे लॉकही. अमेरिकेच्या ज्युलियस मॅडॉक्सने 2021 मध्ये 355 किलो उचलले, त्यातही रॉड होता.

एकटेच असाल तर लॉक लावू नका. रॉड छातीवर अडकला तर एका बाजूला कलवून प्लेटा पाडता येतात. आवाज होईल, मालक ओरडेल, चालेल.

(दृश्य : रॉड स्टँडवर. मुलगा उजवीकडची प्लेट काढायला जातो. मागून हात येतो आणि त्याला थांबवतो.)

प्लेटा उतरवायचीही पद्धत असते. स्टँडचे खांब जवळजवळ, रॉड नऊ किलोचा, आणि एका टोकाला सगळं वजन शिल्लक. अशा वेळी दहा-पंधरा किलोही रॉडला तराजूसारखं उलटवतात, आणि रिकामं टोक समोरच्याच्या हनुवटीवर येतं. म्हणून एक प्लेट इकडची, एक तिकडची. इकडची, तिकडची.

वहीत आज लिहिलंय : रॉड 8.8, प्लेटा 20, एकूण 28.8. पाच, पाच, चार.